सगळ्यात शेवटी तुमची सही

प्रभाकरभाऊ,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि वहिनी अजून तुमच्यावर चिडलेल्याच आहेत. पहिल्या दिवशी त्या रडल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर तुमच्या नावाने जो पाढा सुरू झाला आहे, तो काही थांबत नाही. "घरी चालून आलते पैसे. अर्धे तं अर्धे, पन नगदी. या मानसानं दारातून वापस पाठवले. काहून पाठवले, ते मले मरेपर्यंत नाही सांगतलं." समोरची बाई म्हणते, जाऊ द्या आता. वहिनी जाऊ देत नाहीत.

मी कोपऱ्यात बसून हे ऐकते. तुम्ही ते पैसे का परत पाठवलेत हे मला ठाऊक आहे, आणि आता माझ्याशिवाय ते कुणालाच ठाऊक नाही. मी तोंड उघडलं नाही, तर तुम्ही त्या घरात कायमचे हट्टी आणि आडमुठे ठराल, बायकोचा विचार न करणारे ठराल. उघडलं, तर मी कोण ठरेन हेही मला ठाऊक आहे. आज दुपारी वहिनींनी बोलावलं आहे. तुमच्या थकलेल्या पगाराच्या दाव्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लावायचं आहे, तो अर्ज मी भरून द्यायचा आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायला बसले. आपण एवढी वर्षं बोललो, पण एकाच दिशेला तोंड करून. समोरासमोर बोलायची सवय आपल्याला नव्हतीच, तेव्हा हे असं लिहूनच बरं.

अकरा वर्षं मी तुमच्या स्कूटरवर मागे बसले. आपल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून उरल्याला, कारखान्यांच्या भागात, जायचं, आणि संध्याकाळी उरल्यातली धूळ डोक्यात घेऊन परत यायचं. लग्न न झालेली बाई रोज परक्या माणसाच्या मागे बसून कारखान्यात जाते म्हटल्यावर पाऱ्यात कुजबुज व्हायचीच. ती वहिनींनी एका सकाळी मोडून काढली. स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या, मला हाताला धरून तुमच्या मागे बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "भाऊले घट्ट धर वं, हा मानूस गड्ड्यातून गाडी नेते." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. हे मला आज सकाळपासून सारखं आठवतं आहे, आणि आठवायला नको होतं असंही वाटतं आहे.

रोलिंग मिलच्या आवाजाने तुमचे कान अर्धे गेलेले होते. मी मागून काही विचारायचे, तुम्हाला ऐकू आलं की नाही ते कळायचं नाही, आणि दोन किलोमीटर पुढे, ट्रकांच्या रांगेत अडकलो की तुम्ही एकदम उत्तर द्यायचात. तोवर मी दुसऱ्याच विषयावर गेलेली असायचे. आपली निम्मी भांडणं त्यातून झाली. एकदा मी विचारलं होतं की वहिनींना साडी कोणत्या रंगाची घेऊ, आणि भनपुरीच्या चौकात तुम्ही ओरडलात, "नाही, त्याले नोकरीवरून काढाच लागते!" शेजारचा रिक्षावाला दचकला होता.

तुम्ही रोल टर्नर. ज्या दोन लोखंडी रोलांच्या मधून लालभडक सळई दाबून बाहेर काढतात, त्या रोलांवर लेथ मशीनवर खाचा पाडणारे. खाच जरा चुकली तर सगळी सळई वाया. मी टाइम ऑफिसची कारकून. हजेरी माझ्याकडे आणि पगाराची खिडकीही माझ्याकडे. तेव्हा पगार खिडकीवर हातात मिळायचा. तुमची एक रीत होती. तुमच्या हाताखालच्या शेवटच्या माणसाला पगार मिळेपर्यंत तुम्ही खिडकीशी उभे राहायचात, आणि मग विचारायचात, "सगळ्याईचा झाला का?" झाला म्हटलं की सही. मी चिडवायचे, "भाऊ, बोहल्यावरबी असेच शेवटी चढले होते का?" तर तुम्ही म्हणालात, "तवा तं नवरीच उशिरा आलती." कुणी तुम्हाला तसं करायला सांगितलं नव्हतं. तुमच्या आधीच्या टर्नरने तसं केलं होतं म्हणून तुम्ही करत होतात, बस.

मग मालक पैसे कमी पाठवायला लागला. आज थोडे, पुढच्या आठवड्यात बाकीचे. खिडकीवरचे पैसे तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच संपायला लागले. मी म्हणायचे, भाऊ, आज तरी आधी घ्या. तुम्ही ऐकायचा नाहीत. त्यामुळे ज्या दिवशी गेटला साखळी लागली, त्या दिवशी सगळ्यांत जास्त पगार तुमचा थकलेला होता. पुढचं सगळं रामायण याच एका गोष्टीतून झालं, आणि ही गोष्ट वहिनींना माहीतच नाही.

दिवाळखोरीचा मार्ग माझा. हे मी कधी नाकारलं नाही. लेबर ऑफिसात चकरा मारून आपल्या चपला झिजल्या होत्या. तेव्हा वकीलसाहेबांनी मला समजावलं की सगळ्यांनी मिळून अर्ज करा, ही कंपनी आमचे पगार देऊ शकत नाही, हिला दिवाळखोर ठरवा. कोर्टाने अर्ज मान्य केला की कंपनी मालकाच्या हातून जाते, कोर्टाचा माणूस येऊन बसतो, ज्यांचे ज्यांचे पैसे अडकले त्यांची यादी करतो आणि कंपनी विकून किंवा चालवायला देऊन ते चुकवतो. मी हे तुम्हाला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. तुम्ही ग्लास खाली ठेवला.

"म्हंजे आपुनच सांगाचं का याच्याजवळ पैसे नाही, अन मंग त्यालेच पैसे मांगाचे?"

"त्याले नाही, भाऊ. कंपनीले."

"अवं, दिवालिया मानूस कधी पैसे देते का?"

"भेवानं देते. कंपनी हातची जाईन म्हनून देते. कोर्टात जायाआधीच देते, पाहा तुम्ही."

"अन नाही देल्ले तं?"

त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी हुशारीचं बोलले असेन. तुम्ही एवढंच म्हणालात की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं तुमचे वडील सांगायचे. मी म्हटलं, शहाण्या माणसाचा दोन वर्षांचा पगार थकत नाही. बाकीचे हसले. छत्तीसगढी पोरं "हव दीदी, हव दीदी" करत माझ्या बाजूची झाली, आणि तुम्ही हरलात. तुम्ही हरलात की कान खाजवायचात. तसे खाजवलेत.

कायद्यात एक अट होती. थकलेली रक्कम एक कोटीच्या खाली असेल तर हे दारच उघडत नाही. एकट्यादुकट्याचं काम नव्हतं, सगळ्यांची बेरीज करावी लागणार होती. हजेरी-पगाराच्या वह्या माझ्याकडे, म्हणून यादी मी केली. अडतीस जण. बेरीज एक कोटीच्या वर गेली, पण जेमतेम. पुरीला तेल पुरावं आणि कढईत चमचाभरच उरावं, तशी. ती यादी फक्त मी आणि वकीलसाहेबांनी नीट वाचली. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या नावापुढे सह्या केल्यात. तुम्ही सगळ्यात शेवटी.

मालकाला नोटीस गेली. दहा दिवसांची मुदत असते. त्या दहा दिवसांत तुमच्या घरी मॅनेजर वर्माजी आले. हे सगळ्या पाऱ्याला माहीत आहे, कारण त्यांची गाडी गल्लीत अडकली होती. "प्रभाकर भैया, आधा अभी लो, हाथ में. बस लिख दो कि हिसाब हो गया." मालकाला कळलं होतं की यादीतला सगळ्यात मोठा आकडा तुमचा आहे. तो काढला की बाकीच्यांचा अर्ज आपोआप पडतो.

तुम्हाला त्या पैशांचं काय करायचं होतं तेही मला माहीत होतं. भनपुरीला एक म्हातारा कारखानदार आपलं वर्कशॉप मोडत होता. त्याची लेथ तुम्ही पाहून आला होतात. जुनी होती, पण तिचा आवाज चांगला आहे म्हणालात, अर्ध्या कानाने. त्याने तुमच्यासाठी आठ दिवस ती थांबवून धरली होती. आपलं शेड टाकू, आजूबाजूच्या मिलांचे रोल आणू, कुणाच्या खिडकीशी उभं राहायला नको. तुमचं वय बावन्न होतं आणि स्कूटरवर तुम्ही पोरासारखे बडबडत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या घरी आलात. मी आईला मऊ भात भरवत होते. तिला तेव्हा अंथरुणाला खिळून तिसरं वर्ष चाललं होतं. तुम्ही आत आला नाहीत, दारातच उभे राहिलात.

"मंदा, येक सांग. माह्याशिवाय होते का?"

मी म्हटलं, "नाही होत, भाऊ."

"बरं," म्हणालात. मग आईला विचारलंत, "काकू, जेवून राहिल्या का?" आणि गेलात. बसला पण नाहीत. संध्याकाळी वर्माजी पुन्हा आले ते दारातूनच परत गेले. भनपुरीची लेथ कुणी दुसऱ्याने उचलली.

भाऊ, यादी जशी होती तशी पाहिली तर मी खोटं बोलले नव्हते. तुमचं नाव काढलं की एक कोटी भरत नव्हते. पण त्या यादीत माझं नाव नव्हतं.

तुम्हाला सगळ्यांना वाटत होतं की आहे. सगळी उठाठेव करणारी बाई स्वतःचं नाव कसं सोडेल? पण वर्माजी तुमच्या आधी महिनाभर माझ्याकडे येऊन गेले होते. माझ्याकडे येताना त्यांनी गाडी गल्लीबाहेर ठेवली, म्हणून कुणाला कळलं नाही. मालकाच्या मेहुण्याचं तेलीबांध्याला ऑफिस आहे, तिथे हिशेबाला माणूस हवा होता. पगार ठीक, वेळेवर, घरी आईकडे दुपारी एक चक्कर मारायची मुभा. "मैडम, घर में माँ है. इस लफड़े में अपना नाम मत डालिए. बाकी आप समझदार हैं." मी समजदार निघाले. वकीलसाहेबांना सांगितलं की माझा हिशेब आधीच झाला आहे. यादी करायचं काम सोडलं नाही, कारण ते सोडलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, काहून सोडलं.

माझा थकलेला पगार तुमच्यापेक्षा थोडाच कमी होता; माझं नाव घातलं असतं, तर तुमचं काढूनही बेरीज काठोकाठ भरत होती. हे मला नंतर सुचलं असं नाही. तुम्ही दारात उभे असताना, चमचा आईच्या तोंडाजवळ असताना, मी ते मनातल्या मनात करून पाहिलं होतं. आणि मला हेही माहीत होतं की 'नाही होत' म्हटलं की तुम्ही पुढे एक शब्द विचारणार नाही. सगळ्यांचा होईपर्यंत खिडकीशी उभा राहणारा माणूस दुसरं काय करणार? एवढी वर्षं मी तुमची थट्टा करत होते त्या रीतीची, आणि त्या सकाळी तीच रीत मी तुमच्यावर वापरली.

अर्ज दाखल झाला. आपल्या छत्तीसगढचं हे कोर्ट कटकला, ओडिशात. पहिल्या तारखेला तुम्ही हट्टाने निघालात, जज आपल्याला बघेल तर त्याला काही वाटेल म्हणून. लग्नातला कोट काढला होता, तो पोटावर बसत नव्हता. रात्रभर गाडीत बसून गेलो आणि तीन मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर आलो. जजसाहेबांनी मान वर केली होती की नाही यावरून आपण पायऱ्यांवर भांडलो. मग तुम्ही सायकलवर हंडी बांधून फिरणाऱ्या माणसाकडून दहीबरा घेतला, पानाच्या द्रोणात, वर बटाट्याची तिखट भाजी. तीन द्रोण खाल्लेत. "येवढ्यासाठी आलो असतो तरी चाललं असतं," म्हणालात. कोटाच्या बाहीवर दही सांडलं होतं. मला तेव्हा सांगायचं होतं. खरंच तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात की वाटलं, गाडीत सांगू. गाडीत तुम्ही झोपलात.

सव्वा वर्षाने अर्ज मंजूर झाला. पोरांनी गेटसमोर जलेबी वाटली, ढोलकी आणली. चार दिवसांनी कळलं की आपण काय करून बसलो. त्या दिवसापासून कंपनीकडून कसलीही वसुली करायला मनाई. लेबर कोर्टातलं जे काही चाललं होतं तेही जागच्या जागी थांबलं. आपणच कुलूप लावलं आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. तुम्ही मला चौकात गाठलंत.

"आता मी वर्माजीले हव म्हटलं तं?"

"आता मालकाची सही चालत नाही, भाऊ."

"अन आपली? आपुन आपला अर्ज वापस घेतला तं?"

"आता बँकाबी आल्या त्याच्यात. त्याईनं हो म्हटल्याशिवाय काहीच होत नाही."

"म्हंजे देनारा देऊ नाही शकत अन मांगनारा उठून जाऊ नाही शकत." तुम्ही हसलात. "वा वं मंदा! तेलबी गेलं, तूपबी गेलं." धुपाटण्यापर्यंत तुम्ही गेला नाहीत. माझा चेहरा पाहून थांबलात. मला वाटतं, तुम्हाला माझी कीव आली.

कोर्टाने नेमलेले साहेब आले तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर जे बोललात ते मी कधी विसरणार नाही. सगळे पैशांचं विचारत होते. तुम्ही हात जोडून म्हणालात, साहेब, पगार नका देऊ, त्या बदल्यात आतली माझी लेथ द्या, मी हातगाडीवर घालून नेतो. साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "भाई साहब, मशीन लिस्ट में चढ़ गई है. मैं एक बोल्ट भी नहीं दे सकता." बोल्टावरून तुम्ही परतीच्या वाटेवर हसत राहिलात. त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला, यंत्रं पुजतात त्या दिवशी, तुम्ही गेटवर गेलात. आत सोडेनात. तुम्ही साखळीच्या कुलपालाच हळदकुंकू लावलंत, रस्त्यावर नारळ फोडलात आणि खोबरं गार्डला दिलंत.

मग तुम्ही स्वतःच गार्ड झालात, तेलीबांध्याच्या एका उंच इमारतीत. माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्या. ज्याच्या हाताने पाडलेली खाच केसभर चुकत नव्हती, तो माणूस येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर रजिस्टरात लिहीत होता. दुपारी एक वाजता आपण चहा घ्यायचो. तुम्ही इमारतीकडे बोट दाखवून नव्या पोरांना सांगायचात, हिच्या पोटातला सरिया, या सगळ्या सळया, आपल्या मिलच्या आहेत, आणि ती विश्वास ठेवायची नाहीत. मला तुम्ही फक्त एकदा विचारलंत, "तिथं पगार येळेवर भेटते ना तुले?" मी म्हटलं, भेटते. "बस मंग." कुणाचं ऑफिस, ते कधी विचारलं नाहीत. बाहेर पाटी होती, पाटीवर आडनाव होतं, आणि तुम्हाला वाचता येत होतं. यावर मी जास्त विचार करत नाही. केला की जेवण जात नाही.

आई गेली तेव्हा तिच्या तिरडीला पुढून खांदा तुम्ही दिलात. त्यानंतर माझ्याकडे सबबही उरली नव्हती. तरी मी सांगितलं नाही. रोज एक वाजता शेजारी बसून चहा पीत होते आणि सांगत नव्हते. खरं सांगू? सवय झाली होती, भाऊ. खोट्याची नाही, तुमच्या तोंडून 'मंदानं सगळ्याईसाठी येवढं केलं' हे ऐकायची.

आता जाते. तीन वाजले.

परत आले आहे. दिवेलागणीची वेळ आहे. पुढचं आजच लिहून टाकते, उद्यावर टाकलं तर मी ते बदलून लिहीन.

वहिनींनी सगळे कागद पिशवीत काढून ठेवले होते. मृत्यूचा दाखला, आधार, तुमचं कारखान्याचं जुनं ओळखपत्र, त्यावर तुमचे केस काळे. मी अर्ज भरत गेले. दावेदाराचं नाव, वारसाचं नाव, नातं. शपथपत्रात एक रकाना होता, मालकाकडून तडजोडीची काही रक्कम मिळाली काय. मी 'नाही' लिहिलं.

"लिव," वहिनी म्हणाल्या, "देत होते तरी नाही घेतली, असंबी लिव त्याच्यात. मानूस हट्टी होता, असंबी लिव."

मी पेन ठेवलं आणि सांगितलं. वर्माजी माझ्याकडे आले तिथपासून. माझं नाव, तुमचं नाव, दारात उभे राहून तुम्ही काय विचारलंत आणि मी काय म्हटलं. वाटलं होतं की सांगायला फार वेळ लागेल. पाच मिनिटंही लागली नाहीत. आत कुकर चढवलेला होता. वहिनी उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा माझ्यासमोर बसल्या.

"त्याईनं काय इचारलं होतं, बराबर सांग."

"माह्याशिवाय होते का."

"अन तू नाही म्हनली."

"हव."

मी वाट पाहत होते की त्या मला घराबाहेर काढतील. शिव्या देतील, निदान एक तरी. त्यांनी तसं काही केलं नाही. तुमचं ओळखपत्र त्यांनी उचलून हातात घेतलं आणि बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"मंदा, तू खरं सांगतलं असतं ना, तरी त्याईनं पैसे नसते घेतले. तुह्या घरी आई पडून होती. म्हनले असते, तू नाव नको टाकू, तुही नोकरी सांभाळ, मी राहतो यादीत. घरी येऊन मले सांगतलं असतं. मी दोन दिवस भांडली असती, जेवली नसती, मंग गप झाली असती." त्यांनी ओळखपत्र पिशवीत ठेवलं. "आमचं गेलं ते तसंबी गेलंच असतं. पन मंग ते त्याईनं देल्लं असतं. आपल्या मनानं. तू त्याईले देऊच नाही देल्लं वं. तू काढून घेतलं."

मी एवढी वर्षं धरून चालले होते की मी तुमची लेथ घेतली. तेवढंच मोजत होते.

"भर आता तो कागद," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाले येत नाही ते."

मी मान खाली घालून उरलेले रकाने भरले. तुमच्या नावामागे 'मयत' लिहिलं. जिथे जिथे सही हवी तिथे बोट ठेवत गेले आणि वहिनी सही करत गेल्या. कोर्टाने नेमलेल्या त्या साहेबांच्या ऑफिसचा पत्ता पाकिटावर लिहून दिला. उद्या सोमवार, उद्या स्पीड पोस्टने टाका म्हटलं. त्यांनी मान हलवली. मलाही उद्या दहाला तेलीबांध्याला, त्याच खुर्चीवर जाऊन बसायचं आहे.

दारात चपला घातल्या आणि नेहमीसारखं म्हटलं, "वहिनी, येते."

त्यांनी 'ये' म्हटलं नाही.